सरळ केसांना आलेली लाट: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी येत राहिली आहे: जन्मापासून सरळ असलेले केस आता सरळ राहिलेले नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून दवाखान्यातही मी ती नेहमी ऐकते, आणि सांगणाऱ्या व्यक्तीच्या स्वरात बहुतेक वेळा अपराधीपणा असतो, जणू तिच्याच हातून काही चुकले आहे. म्हणून त्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: माझे वय ३१ वर्षे असून मी चिपळूणला राहते. लग्नापर्यंत माझे केस कमरेइतके लांब आणि अगदी सरळ होते. दीड वर्षापूर्वी मुलगी झाली आणि ती तीन महिन्यांची असताना केस मुठीमुठीने गळले. नवे केस आले आहेत, पण कानांजवळ आणि मानेवर ते नागमोडी आहेत. पावसाळ्यात तर सगळे डोके पिंजारल्यासारखे दिसते. सासूबाई म्हणतात की बाळंतपणात डोक्याला तेल कमी पडले, आई म्हणते की शॅम्पू बदल. मी तीन शॅम्पू बदलले, रोज न्हाऊन पाहिले, ओल्या केसांची घट्ट वेणी घालूनही पाहिली. केस पुन्हा सरळ होतील का, आणि तोवर निगा कशी राखावी?

उत्तर: तुमच्याकडून काहीही चुकलेले नाही आणि बाळंतपणातल्या तेलाचाही यात दोष नाही, हे आधी सांगते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केसांचा वाढीचा काळ लांबतो, त्यामुळे एरवी गळले असते ते केसही डोक्यावर टिकून राहतात. प्रसूतीनंतर संप्रेरके झपाट्याने उतरतात, ते सगळे केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकदम गळतात. त्यांच्या जागी उगवणारा केस मात्र पूर्वीसारखाच असेल, अशी शाश्वती नसते. केसाचा आकार त्वचेखालच्या ज्या पिशवीत तो घडतो तिच्या आकारावर अवलंबून असतो. पिशवी सरळ आणि गोलसर असेल तर केस सरळ येतो. ती थोडी वाकडी, लंबगोल झाली तर केसालाही वळण मिळते. वयात येताना, बाळंतपणानंतर आणि पाळी जाण्याच्या सुमारास अनेकींच्या केसांचे वळण बदलते.

तरीही लाट दिसली म्हणजे मूळच बदलले, असे लगेच मानू नये, कारण सरळ केसाला लाट तीन प्रकारे येते आणि तिन्हींची निगा वेगळी आहे. पहिली पाण्याची लाट. केस केराटिन नावाच्या प्रथिनाच्या साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या साखळ्यांना दोन तऱ्हेचे मुख्य बंध धरून ठेवतात. गंधकाचे बंध पक्के असतात. हायड्रोजनचे बंध नाजूक असतात, पाणी लागताच सुटतात आणि केस ज्या अवस्थेत वाळेल त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. ओल्या केसांची घट्ट वेणी घातली की वेणीचे वळण केसात उतरते ते यामुळेच. म्हणजे लाट घालवण्यासाठी तुम्ही जो उपाय केला, त्यानेच ती वाढत होती. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा न्हाल्याशिवायही हे बंध सुटत आणि जुळत राहतात. दुसरी इजेची लाट. इस्त्री, ड्रायर, रंग, रसायने आणि रखरखीत टॉवेलने चोळणे यांनी केसावरचे खवल्यांचे आवरण उचकटते, एका बाजूने जास्त पाणी शिरते आणि केस वेडावाकडा वळतो. तिसरी मुळाची लाट, जिच्याबद्दल वर सांगितले.

आपली लाट कोणती, हे घरीच पाहता येते. न्हाताना गळलेला एक पूर्ण लांबीचा केस घ्यावा, शॅम्पूच्या थेंबाने धुवावा, न ताणता पांढऱ्या कागदावर ओलाच ठेवावा आणि पंख्याखाली न धरता वाळू द्यावा. तो सरळ वाळला तर लाट पाण्याची, म्हणजे बांधणीतून किंवा हवेतून आलेली आहे. मुळाकडचा भाग सरळ आणि टोकाकडचा भाग वाकडा, खरखरीत, फाटे फुटलेला निघाला तर ती इजेची आहे. मुळापासूनच एकसारखे वळण असेल, आणि तेही स्पर्शाला गुळगुळीत असेल, तर मूळ बदलले आहे. मात्र एका केसावर निकाल देऊ नये. डोक्याच्या निरनिराळ्या भागांतले पाचसहा केस पाहावेत. तुमच्या बाबतीत हिशेबही जुळतो. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. तुमची मुलगी १८ महिन्यांची आहे आणि केसगळती तिसऱ्या महिन्यात झाली, तेव्हा त्यानंतर उगवलेले केस आज साधारण १५ ते १९ सेंटिमीटरचे असणार. कानांजवळच्या आणि मानेवरच्या ज्या बटा तुम्हाला नागमोडी दिसतात, त्यांची लांबी मोजून पाहा. त्या एवढ्याच लांबीच्या असतील तर ते बाळंतपणानंतरचे केस आहेत. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी: लांब केस स्वतःच्या वजनाने ताणला जाऊन सरळ दिसतो, आखूड केसाला ते वजन नसते. त्यामुळे आज जेवढी लाट दिसते आहे, तेवढी ती खांद्याखाली वाढल्यावर दिसेलच असे नाही.

केस पुन्हा सरळ होतील का, याचे प्रामाणिक उत्तर असे की काहींचे होतात, काहींचे होत नाहीत, आणि कोणतेही तेल, शॅम्पू किंवा गोळी त्वचेखालच्या पिशवीचा आकार बदलत नाही. त्वचेबाहेर आलेल्या केसात जीव नसतो, म्हणून बाहेरून लावलेली वस्तू त्याचे पोषण करत नाही. ती त्याचे रक्षण मात्र करू शकते. डॉक्टरांकडे जाऊन एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडची तपासणी जरूर करून घ्या. प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडचे कार्य बिघडण्याची शक्यता असते, त्याने केस कोरडे आणि राठ होतात, आणि तो दोष औषधाने सुधारतो.

आता निगेबद्दल. सरळ केसांवर वाढलेल्या माणसाला सर्वांत जड जाते ते हे की सरळ केसांचे काही नियम लाटेदार केसांना उलटे लागू होतात. सरळ केस ओले असताना विंचरू नयेत, कारण ओला केस ताणला जातो आणि तुटतो. लाटेदार केस मात्र कोरडे विंचरले की लाटा मोडून पिंजारतात, म्हणून ते ओलसर आणि निसरडे असतानाच सोडवायचे असतात. दुसरा फरक तेलाचा. डोक्याच्या त्वचेतून येणारे स्निग्ध द्रव्य सरळ केसावरून सहज टोकापर्यंत उतरते, वळणावर ते अडखळते. परिणामी मुळे तेलकट आणि टोके कोरडी, अशी जोडी जमते. रोज न्हाऊन तुम्ही टोकांचा कोरडेपणा वाढवला, मुळांना त्याचा फारसा लाभ झाला नाही.

आठवड्यातून दोनदा न्हाणे पुरेसे आहे. आदल्या रात्री, निदान दोनतीन तास आधी, एक ते दोन चमचे खोबरेल तेल टाळूपेक्षा केसांच्या लांबीला जास्त लावावे. खोबरेल तेलाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण त्यामागे आधारही आहे: २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबईत झालेल्या संशोधनात खनिज तेल, सूर्यफुलाचे तेल आणि खोबरेल तेल यांची तुलना केली गेली आणि केसातून धुऊन जाणारे प्रथिन केवळ खोबरेल तेलाने कमी झाले. ते संशोधन खोबरेल तेल विकणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतले होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. तरी कारण पटण्यासारखे आहे, कारण या तेलातले लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूचे असल्याने केसाच्या आत शिरू शकते. तेलानंतर बोटांनी, टोकांपासून सुरुवात करून वर जात, गुंता सोडवावा. शॅम्पू फक्त टाळूला चोळावा. फेस खाली उतरताना लांबीचे केस त्यानेच स्वच्छ होतात. मग कानांच्या खालच्या भागाला भरपूर कंडिशनर लावावे आणि ते असतानाच विरळ दातांचा कंगवा फिरवावा. धुतल्यानंतर डोक्याला टॉवेल गुंडाळून पिळू नये. जुन्या सुती साडीचा तुकडा किंवा पंचा घेऊन केस खालून वर मुठीत धरावेत, दाबावेत आणि सोडून द्यावेत.

लाटा पिंजारू नयेत म्हणून ओल्या केसांना काहीतरी चिकट, हलके लावावे लागते, आणि त्यासाठी बाजारातून आणलेच पाहिजे असे नाही. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर हलवत ठेवावेत. सात ते दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट होते. ते गरम असतानाच पातळ फडक्यातून गाळावे, निवल्यावर मुळीच गळत नाही. हा रस फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. ओल्या केसांवरून तो तळहातांनी फिरवून केस पुन्हा मुठीत दाबावेत आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये. हे न हात लावणे सगळ्यांत कठीण असते आणि सगळ्यांत उपयोगी पडते. वाळल्यावर केस थोडे कडक वाटतील, ते हातात हलकेच चुरले की कडकपणा जातो आणि लाट राहते. रात्री सैल वेणी घालावी आणि उशीवर जुन्या रेशमी साडीचे कापड घालावे, घर्षण कमी होते.

हे सगळे निदान सहा आठवडे एकाच पद्धतीने करून पाहा. दर आठवड्याला वस्तू बदलली तर कशाने काय झाले ते कळत नाही.

प्रश्न: मी २२ वर्षांचा असून पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. दोन वर्षांपासून माझे कपाळावरचे आणि टाळूच्या मध्यभागाचे केस वाकडे, कोरडे आणि निस्तेज होत चालले आहेत. मागचे आणि मानेवरचे केस पूर्वीसारखेच सरळ आहेत. मी कधी रंग किंवा इस्त्री वापरलेली नाही. मित्र म्हणतात की हेल्मेटमुळे असे झाले. कोणते तेल लावावे?

उत्तर: तुमच्या पत्रातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य मागचे केस पूर्वीसारखेच आहेत हे आहे. पाणी, हवा, शॅम्पू यांचा परिणाम सगळ्या डोक्यावर सारखा होतो. हेल्मेटच्या घर्षणाने केस तुटतात, त्यांना मुळापासून वळण येत नाही. कपाळ आणि टाळू एवढ्याच भागांतले केस वळू लागणे, आखूड आणि राठ होणे, हे तरुण पुरुषांमध्ये काही वेळा पुरुषी टक्कल सुरू होण्याचे पूर्वचिन्ह असते. हा प्रकार विरळा आहे आणि तुम्हाला तोच आहे असे पत्रावरून ठरवता येणार नाही. पण वडील, काका किंवा मामा यांपैकी कुणाचे केस लवकर गेले असतील तर शंका बळावते. त्वचारोगतज्ज्ञ भिंगासारख्या उपकरणाने डोक्याची त्वचा पाहतात आणि शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत फरक पडला आहे का ते तपासतात. त्यात दुखण्यासारखे काही नसते.

तेलाने हे थांबणार नाही, आणि तेल शोधण्यात गेलेले एक वर्ष पुढे महागात पडते. टक्कल सुरू झाल्याचे निदान झाले तर मिनॉक्सिडिलसारखी औषधे लवकर सुरू केल्यास आहेत ते केस टिकवण्यास मदत होते. गेलेले सगळे परत येतील असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. मिनॉक्सिडिलने पहिल्या दोन महिन्यांत केस जास्त गळल्यासारखे वाटतात, तेव्हा घाबरून ते बंद करू नये. फिनास्टेराइड नावाची गोळी मात्र मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नये; तिचे दुष्परिणाम डॉक्टरांशी समोरासमोर बोलूनच ती घ्यायची की नाही हे ठरवावे. तोवर आठवड्यातून तीनदा सौम्य शॅम्पू आणि नंतर थोडे कंडिशनर एवढेच पुरे.

प्रश्न: आम्ही कोल्हापूरहून पुण्याच्या बाहेरच्या एका सोसायटीत राहायला आलो. तिथे बोअरचे आणि उन्हाळ्यात टँकरचे पाणी येते. आठ महिन्यांत माझे आणि माझ्या दोन्ही मुलींचे सरळ केस लाटेदार आणि काथ्यासारखे झाले. नळाला लावायचा फिल्टर घेतला, फरक पडला नाही. आमचे केस कायमचे बदलले का?

उत्तर: एकाच घरातल्या तिघींचे केस एकाच काळात बदलले, तेव्हा मुळांवर संशय घेण्याचे कारण नाही. साबणाला फेस येत नसेल, बादलीवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरे पुटे चढत असतील आणि तूरडाळ शिजायला नेहमीपेक्षा वेळ लागत असेल, तर पाणी जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार ही कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरा स्रोत नसेल तेव्हा ६०० पर्यंत चालते. तुमच्या सोसायटीने पाण्याची तपासणी करून घेतली असेल तर तो कागद मागून पाहा. हे क्षार केसावर बसतात, आवरणाचे खवले उचललेले राहतात आणि केस एकमेकांत अडकून वाकडे दिसतात. ही इजेची लाट आहे, आणि तीही बऱ्याच अंशी धुऊन निघणारी.

नळाला लावायचे बहुतेक छोटे फिल्टर क्लोरीन आणि गाळ कमी करतात. विरघळलेले क्षार काढण्यासाठी वेगळे यंत्र, सॉफ्टनर, लागते, आणि ते सोसायटीच्या टाकीवर बसवणे अधिक परवडते. तोवर सर्वांत सोपा उपाय असा की न्हाणे नेहमीच्या पाण्याने करावे, पण शेवटचे दोन तांबे पाणी शुद्धीकरण यंत्रातले घ्यावे. पावसाळ्यात गच्चीवर स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणीही चालते. त्या शेवटच्या पाण्यात लिटरभराला एक चमचा व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा गाळलेला रस, आठवड्यातून एकदा, याहून जास्त नाही. निव्वळ लिंबू डोक्याला चोळू नये.

अंगाचा साबण केसांना लावत असाल तर तो आधी बंद करा. जड पाण्यात साबणाची चिकट साय होते आणि ती केसावरून निघत नाही. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस वेगळ्या द्रव्याचा असतो, त्याची अशी साय होत नाही. विहिरीच्या पाण्यावर नांदलेल्या आपल्या आज्यांनी शिकेकाई सोडली नाही, त्यात मला हे शहाणपण दिसते. मात्र शिकेकाईची भरड पूड केसांत घासू नये. रात्री भिजवून, सकाळी उकळून, गाळून तिचे पाणीच वापरावे, आणि मुलींच्या डोळ्यांत ते जाऊ देऊ नये.

प्रश्न: मी २६ वर्षांची आहे, नाशिकला नोकरी करते. माझे केस पूर्वी सरळ होते, दोनतीन वर्षांत लाटेदार झाले. येत्या माघात माझे लग्न आहे. पार्लरमध्ये केराटिन किंवा कायमचे स्ट्रेटनिंग करून घे, असे सगळ्या सांगतात. घरातूनही आग्रह आहे. करावे का?

उत्तर: करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याची कारणे तुम्हाला सांगायला हवीत, कारण आग्रह करणाऱ्यांना तुम्हालाच उत्तर द्यायचे आहे.

कायमचे म्हणून जे स्ट्रेटनिंग करतात त्यात थायोग्लायकोलेटसारख्या रसायनाने केसातले गंधकाचे बंध तोडतात, गरम इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या रसायनाने ते बंध नव्या जागी जोडतात. तोडलेले सगळे बंध पुन्हा जुळत नाहीत, म्हणून असा केस पूर्वीपेक्षा दुबळाच असतो. शिवाय कायमचे असते ते फक्त त्या दिवशी बाहेर असलेल्या केसापुरते. मुळातून येणारा केस लाटेदारच येतो. सहा महिन्यांनी वरचे सहासात सेंटिमीटर नागमोडी आणि खालचे काठीसारखे दिसू लागतात, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे केस तुटतो. मग पुन्हा पार्लर. केराटिन या नावाखाली जे चालते त्यात केराटिनपेक्षा फॉर्माल्डिहाइड किंवा उष्णतेने ते सोडणारी द्रव्ये महत्त्वाचे काम करत असतात. फॉर्माल्डिहाइड माणसात कर्करोग घडवू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली ठरवले आहे. इस्त्री फिरवताना डोळे झोंबू लागले, तर ते वायुरूपात तुमच्या आणि ते काम दिवसभर करणाऱ्या मुलीच्या श्वासात जाते आहे; त्या मुलीची काळजी कुणी करत नाही, याचे मला फार वाईट वाटते. फॉर्माल्डिहाइड नाही असे सांगून विकल्या जाणाऱ्या काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असते, आणि ते वापरल्यानंतर मूत्रपिंडाला तीव्र इजा झाल्याची नोंद २०२४ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तर या सगळ्यापासून दूरच राहावे.

लग्नाच्या दिवशी सरळ केस हवेच असतील तर त्या एका दिवसापुरते ते करता येतात. केस पूर्ण कोरडे असावेत, उष्णतेपासून रक्षण करणारे द्रव्य आधी लावावे, इस्त्री १५० अंशांच्या आसपास ठेवावी आणि एका बटेवरून एकदाच फिरवावी. ओल्या केसावर इस्त्री कधीही फिरवू देऊ नका. आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरशः बुडबुडे तयार होतात आणि तो तिथे मोडतो.

पण मला वाटते की तुम्ही अंबाडा घालणार असाल तर लाट हीच तुमची सोय आहे. सरळ, गुळगुळीत केसांतून आकडे निसटतात आणि गजरा खाली उतरतो. लाटेदार केसांत दोन्ही घट्ट बसतात. लग्नाआधी तीन महिने टोके कापून घ्या, वर चिपळूणच्या वाचक भगिनीला सांगितलेली पद्धत सुरू करा, आणि मग आरशात पाहून ठरवा.

प्रश्न: माझी मुलगी १३ वर्षांची आहे. लहानपणी सरळ असलेले तिचे केस वर्षभरात लाटेदार झाले. मध्यंतरी टायफॉइडमध्ये ती तीन आठवडे अंथरुणावर होती, तेव्हा मानेजवळ केसांचा गुंता होऊन गोळा झाला आहे. आमच्या गावाकडच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे की ही देवीची जट आहे, तिला कात्री लावू नये. मला भीती वाटते. काय करावे?

उत्तर: ताई, तो गुंता आहे आणि तो आजच सोडवायला घ्या. वयात येताना केसांना वळण येणे अगदी स्वाभाविक आहे. वळलेले केस सरळ केसांपेक्षा लवकर गुंततात, तीन आठवडे फणी लागली नाही, मान सतत उशीवर घासली, घाम आणि धूळ मिसळली. एवढ्या कारणांनी कुणाच्याही डोक्यात असा गोळा होईल. त्यात उवा आहेत का हे आधी पाहा आणि असल्यास त्याचे औषध करा. नंतर गोळा कोमट खोबरेल तेलात भिजवून दोन तास ठेवा, वरून कंडिशनर चोळा, आणि विणकामाच्या सुईने किंवा शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने बाहेरच्या कडेपासून थोडे थोडे केस मोकळे करा. मुळाशी एका हाताने धरून ठेवले की मुलीला ओढ बसत नाही. एका बैठकीत नाही झाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. मध्यभाग सुटतच नसेल तर तेवढा कात्रीने कापून टाका.

कापल्याने काहीही अरिष्ट येत नाही. तसाच ठेवला तर मात्र मानेला वजन होते, आतली त्वचा स्वच्छ होत नाही, खाज आणि जखमा होतात, आणि मुलीच्या आयुष्याला एक लेबल चिकटते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे जटा वागवणाऱ्या अनेक स्त्रियांना त्यातून मोकळे केले आहे, आणि घरच्या मोठ्या माणसांची समजूत घालण्याचा त्यांना दीर्घ अनुभव आहे. तुम्हाला एकटीने बोलणे जमत नसेल तर जिल्ह्यातल्या त्यांच्या शाखेकडून मदत घ्या. मुलीला यापुढे झोपताना दोन सैल वेण्या घालायला शिकवा. टायफॉइडसारख्या तापानंतर दोनतीन महिन्यांनी केस जास्त गळतात; तसे झाले तर त्याचा संबंध जट कापण्याशी जोडू नका आणि कुणाला जोडू देऊ नका.

प्रश्न: माझ्या आईला स्तनाच्या कर्करोगासाठी केमोथेरपी झाली. ती ५८ वर्षांची आहे. उपचार संपून पाच महिने झाले. तिचे केस आयुष्यभर सरळ होते, आता बोटभर आलेले केस दाट कुरळे आणि करडे आहेत. ती आरसा पाहायला तयार नाही. मी स्वतः आकडीसाठी व्हॅल्प्रोएट घेते आणि माझ्याही केसांना लाट आली आहे, म्हणून आम्हा दोघींबद्दल विचारते.

उत्तर: केमोथेरपीनंतर पहिले केस कुरळे येणे हे इतके नेहमीचे आहे की कर्करोगाच्या रुग्णालयातल्या परिचारिका ते आधीच सांगून ठेवतात. औषधांनी केसांच्या मुळांवर आघात केलेला असतो आणि ती सावरताना पहिला केस वाकडा घडतो. पुष्कळ जणींचे केस पुढच्या वर्षभरात हळूहळू पूर्वीच्या वळणाकडे जातात. काहींचे थोडी लाट राखून स्थिरावतात. आईंच्या केसांना आत्ता शॅम्पूही अगदी थोडा लागेल. बोटांनी टाळूवर खोबरेल तेलाचे दोन थेंब फिरवावेत, मऊ ब्रश वापरावा, आणि रंग लावण्याची इच्छा असेल तर त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. एखाद्या समजूतदार केशकर्तनकाराला घरी बोलावून कानांभोवतीचे केस नीट आकारात कापून घेतले, तर ते वाढलेले न दिसता ठेवलेले दिसतील. आरसा त्या दिवशी त्यांच्या हातात द्या.

व्हॅल्प्रोएटने काही रुग्णांचे केस गळतात आणि नवे येताना कुरळे येतात, ही माहीत असलेली गोष्ट आहे. केसांसाठी ही गोळी एक दिवसही चुकवू नका. अचानक बंद केल्यास आकड्या एकामागून एक येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. मेंदुविकारतज्ज्ञांना पुढच्या भेटीत केसांबद्दल अवश्य सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते का ते तेच ठरवतील. तुमचे वय पत्रात नाही. पुढेमागे मूल होऊ देण्याचा विचार असेल तर ती भेट लांबवू नका, कारण हे औषध गर्भाला अपायकारक आहे आणि त्याचा पर्याय गर्भ राहण्याच्या आधीच ठरवावा लागतो.